कोल्हापुरात कॅमेरा घेऊन फिरायचं तर

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी हिशेब लिहितो. रविवार सोडला तर कॅमेरा हातात येतो तो सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहानंतर. बारा-तेरा वर्षं एवढ्याच वेळात फोटो काढत आलोय, आणि नव्यानं कॅमेरा घेतलेली पोरं हल्ली विचारतात, "दादा, सुरुवात कुठून करायची?" त्यांना तोंडी सांगून सांगून जे जमा झालं, ते इथं लिहून काढतोय. चित्रप्रदर्शन, गाण्याची मैफल आणि रस्ता या तीन ठिकाणांपुरतंच. लग्नं आणि पक्षी यांतलं मला कळत नाही.

सुरुवात 'खरी कॉर्नर' या चौकापासून करा, म्हणजे अक्षरशः तिथं जाऊन उभे राहा. तिथं कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटरांना चित्रपट काढायचा होता, तर कॅमेरा त्यांनी कोल्हापुरातच घडवला आणि १९२० साली पहिला चित्रपट पडद्यावर आणला. हे सांगायचं कारण एवढंच, की "माझ्याकडे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा) नाही" ही तक्रार या गावात तरी कुणी करू नये.

पिशवीत काय घ्यायचं

एक कॅमेरा, जुना मध्यम सेन्सरचा (एपीएस-सी) असला तरी चालतो. त्याच्यावर ३५ मिमी, एफ १.८ ची एक लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). पैसे साठले की दुसरी ८५ मिमी, तीही एफ १.८. कॅमेऱ्याबरोबर फुकट आल्यासारखी येते ती १८-५५ झूम दुपारच्या रस्त्यावर ठीक आहे, पण ५५ वर ओढली की तिचं तोंड एफ ५.६ पलीकडे उघडत नाही. एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दसपट प्रकाश आत घेते. मैफलीच्या मंद उजेडात फोटो येणार की नुसता चिखल, हे याच फरकावर ठरतं. त्यामुळे नवा कॅमेरा घ्यायचा का लेन्स, असा प्रश्न पडला तर लेन्स घ्या.

बाकी किरकोळ: दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, चष्मा पुसायचं मऊ फडकं, काळ्या सुती कापडाचा हातभर तुकडा (त्याचं काम पुढे येईल), खिशात मावणारी वही. जून ते सप्टेंबर पिशवीत प्लॅस्टिकची जाड पिशवी हवीच. आणि घरी कॅमेरा चामड्याच्या बॅगेत कोंडून ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. पुड्यांचा रंग बदलला की समजायचं ओल शोषून झाली, मग त्या मंद आचेवर गरम करून परत वापरायच्या.

पहिली फेरी रिकाम्या हातानं

ही पायरी सगळे गाळतात. जिथं फोटो काढायचे तिथं एकदा कॅमेरा न घेता जा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: उजेड कुठून येतो, किती वाजता येतो, आणि तिथं कुणाला विचारायचं.

उजेडाचं गणित शिकायला कोल्हापूरइतकं सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. किरणोत्सव आपण लहानपणापासून पाहतो: ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि पहिल्या दिवशी पाय, मग छाती, मग मुख असं वर चढत जातात. आता याच तारखा का? २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडे जास्तीत जास्त कललेला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या जवळपास सहा आठवडे आधी, १ फेब्रुवारी जवळपास सहा आठवडे नंतर. म्हणजे जाताना आणि परतताना सूर्य क्षितिजावर त्याच बिंदूला मावळतो. देवळाच्या आत कॅमेरा नेता येत नाही, आणि नेण्याचा प्रयत्नही करू नका. पण तीच किरणं आत पोचण्याआधी ताराबाई रोडवरून येतात ना? त्या दिवसांत संध्याकाळी महाद्वाराकडे पाठ करून ताराबाई रोडच्या तोंडाशी उभे राहा. सूर्य अगदी रस्त्याच्या टोकाशी, समोरून. भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई, सायकलवरचा म्हातारा, कपिलतीर्थ मंडईतून बाहेर पडणारी गर्दी, प्रत्येकाच्या कडेला सोनेरी रेघ आणि पायाशी लांबच लांब सावली. मग उलटं वळा. तोच उजेड आता लोकांच्या तोंडावर. देवळातून बाहेर पडून तुमच्याकडे येणाऱ्यांचे चेहरे तुम्हाला मिळतात. एकाच जागी, टाचेवर फिरून, दोन वेगळे फोटो. घड्याळात हा खेळ फार तर वीस मिनिटं चालतो. त्या वीस मिनिटांत लेन्स बदलत बसलात तर संपलं.

असाच हिशेब रंकाळ्याचा. तळं गावाच्या पश्चिमेला, म्हणून चौपाटीवर उभं राहिलं की मावळता सूर्य पाण्यापलीकडे दिसतो. त्यामुळे सगळे तिथं संध्याकाळी जातात आणि सगळ्यांचा फोटो एकच येतो. मी सकाळी जातो. तेव्हा ऊन पाठीमागून येतं, संध्यामठाच्या दगडावर पडतं आणि दगडाचा पोत दिसतो. अबालाल रहिमान रंकाळ्याकाठी आणि कोटीतीर्थावर बसून चित्रं काढायचे. त्यांची निसर्गचित्रं टाऊन हॉल संग्रहालयात आहेत, ती बघून मग रंकाळ्याला जा. पाण्यावरचा उजेड कसा पाहायचा याचा क्लास फुकटात होतो.

गॅलरीत

कोल्हापुरात चित्रप्रदर्शन म्हटलं की आधी दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन. कॉलेजच्या पोरांपासून मुरलेल्या चित्रकारांपर्यंत सगळ्यांची चित्रं तिथल्या कलादालनात लागतात. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. पडद्यावरचे नायक म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण तिथं गेल्यावर त्यांची पावडर शेडिंगची (कोरड्या रंगपुडीनं काढलेली) निसर्गचित्रं बघून माणूस गप्प होतो. टाऊन हॉलची गॉथिक इमारत १८७० च्या दशकातली. आत ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत, त्यांत समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती. पंचगंगेकाठी ग्रीक देव! न्यू पॅलेसमधलं छत्रपती शहाजी संग्रहालय हे वेगळं प्रकरण, आत फोटो काढायला बंदी आहे. तिथं कॅमेरा पिशवीत आणि डोळे उघडे. सोमवारी सरकारी संग्रहालयं बंद असतात हे लक्षात ठेवा, मी दोनदा हेलपाटा घातलाय.

पायरी पहिली: विचारा. संग्रहालयात काउंटरवर, प्रदर्शनात खुद्द चित्रकाराला. चित्रकार बहुधा तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो आणि दुपारी तीन वाजता त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. "फोटो काढू का?" असं विचारण्याआधी चित्रं बघा. दहा मिनिटं बघा. मग विचारा. उत्तर कधीच 'नाही' असं येत नाही, वर चहा मिळतो.

पायरी दुसरी: काय काढायचं ते ठरवा. भिंतीवरच्या चित्राचा सरळ, कडेला कड लावून काढलेला फोटो म्हणजे झेरॉक्स. चित्रकाराला कॅटलॉगसाठी हवा असेल तर ती सेवा करा, पण तो तुमचा फोटो नव्हे. शिवाय चित्राचे हक्क चित्रकाराचे असतात, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. परवानगीशिवाय अख्खं चित्र मोबाइलवर फिरवणं चुकीचंच. तुमचा फोटो असतो तो चित्र आणि माणूस यांच्यामधल्या हातभर जागेत. चित्राच्या अगदी जवळ नाक नेऊन ब्रशचे फटकारे बघणारा आर्टस्कूलचा पोरगा. नातवाला काहीतरी समजावणारे आजोबा. चित्रात लाल साडी आणि बघणारीच्या अंगावरही लाल साडी, असा योग यायला एका कोपऱ्यात अर्धा तास उभं राहावं लागतं. उभं राहायचं.

पायरी तिसरी, काच. जलरंग आणि पावडर शेडिंग काचेमागे असतात आणि काचेत तुम्ही, ट्यूबलाइट आणि समोरची खिडकी सगळे दिसता. दुकानदार पोलरायझर फिल्टर गळ्यात मारतो. त्यातली गोम अशी, की काचेवरची चमक पोलरायझर नीट कापतो ती साधारण ५५ अंशांच्या तिरक्या कोनातून. चित्रासमोर सरळ उभं राहिलात तर त्याचा काही उपयोग नाही, वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). त्यापेक्षा ते काळं कापड काढा. मित्राला तुमच्या मागे कापड ताणून धरायला सांगा, म्हणजे काचेत अंधार दिसेल आणि चित्र स्वच्छ येईल. एकटे असाल तर गडद रंगाचा शर्ट घालून जा. पांढरा शर्ट घालून प्रदर्शनात गेलेला फोटोग्राफर प्रत्येक काचेत भुतासारखा दिसतो.

पायरी चौथी, रंग. गॅलरीत वर एलईडी, बाजूला खिडकीतलं ऊन, कोपऱ्यात जुनी ट्यूब अशी खिचडी असते. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सवर (उजेडाचा रंग कॅमेऱ्यानंच ठरवण्यावर) सोडलं तर एक फोटो निळा, पुढचा पिवळा. एकाच प्रकारचा उजेड असलेला कोपरा निवडा, तिथं पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स पक्का करा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यानं हात न लावलेली मूळ फाइल) घ्या. फ्लॅश कुठल्याही परिस्थितीत नाही.

मधल्या मध्ये एक सांगतो. रंगबहार संस्थेची 'मैफल रंगसुरांची' टाऊन हॉलच्या बागेत भरते. झाडाखाली चित्रकार चित्रं काढतायत, शिल्पकार माती थापतायत, आणि बाजूला गाणं चाललंय. गॅलरी, मैफल आणि रस्ता हे तिन्ही एकाच सकाळी, मोकळ्या उजेडात. शिकाऊ माणसानं पहिला सराव इथं करावा. मातीनं भरलेले हात सोडून भलतीकडे बघू नका.

मैफलीत

इथं जरा सविस्तर लिहितो, कारण चुका सगळ्यांत जास्त इथंच होतात आणि दुसऱ्यांना त्रास होतो तोही इथंच.

जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते, म्हणून त्या घराण्याच्या गाण्याला कोल्हापूर हे माहेर वाटावं. देवल क्लब या संगीतसंस्थेची परंपरा एकोणिसाव्या शतकातली. थोडक्यात, इथले श्रोते कानसेन आहेत आणि शटरचा 'खट्' त्यांना मिंडेच्या (एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याच्या) मधोमध ऐकू येतो. माझी पहिली मैफल अशी: कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा छोटा दिवा बंद करायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. आलाप चाललेला, आणि माझ्या कॅमेऱ्यातून नारिंगी ठिपका थेट गायिकेच्या कपाळावर. शेजारचे धोतरवाले काका खाली वाकून हळूच म्हणाले, "बाळ, ती बॅटरी आईला दे जा." मी मध्यंतरात घरी गेलो.

तेव्हा घरातून निघण्याआधीच मेनूमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद करा: फोकसचा दिवा, बीप आणि मागच्या पडद्यावर आपोआप फोटो दाखवणं. अंधारात तो पडदा मागच्या चार रांगांच्या डोळ्यांत जातो.

आयोजकांना आदल्या दिवशी फोन करा. "हौशी आहे, फ्लॅश नाही, पैसे नकोत, फोटो तुम्हालाही देईन," एवढं पुरतं. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोचा. माइक तपासणं चालू असतं तेव्हा उजेड तोच असतो आणि कुणाला त्रास होत नाही, सगळी सेटिंग तेव्हाच लावून घ्या.

बसायचं कुठं? मधोमध नाही. समोरून माइक तोंडावर येतो आणि हनुवटी गायब होते. व्यासपीठाच्या एका अंगाला, तिसऱ्या-चौथ्या रांगेत, खांबाला टेकून. कुठलं अंग ते गायक-गायिका कुठला हात उचलते त्यावर ठरवा. बहुतेकांचा उजवा हात हवेत चालतो, तो चेहऱ्याच्या आड न येता शेजारी दिसेल अशी बाजू घ्या. मागे तानपुरे असतात. त्यांच्या खुंट्या गायकाच्या डोक्यातून शिंगांसारख्या बाहेर आलेल्या फोटोत हमखास दिसतात. दोन वीत सरकलं की शिंगं जातात. पण हे सरकणं गाणं सुरू होण्याआधी.

आता आकडे. ८५ मिमी लेन्स, एफ १.८ किंवा २, शटर १/१६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ३२००. इथून सुरू करा. गायक बसून गातो, त्यामुळे १/१६० ला चेहरा स्थिर मिळतो. तबलजीची बोटं मात्र त्या स्पीडला धूसर येतात आणि तशीच आली पाहिजेत. गोठलेली बोटं म्हणजे तबल्यावर ठेवलेला पंजा, त्यातून लय जाते. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. मागे काळा पडदा असतो, कॅमेरा त्याला बघून घाबरतो आणि फोटो उजळ करतो, मग पांढऱ्या झब्ब्याची जागा नुसती कोरी. झब्ब्यावरच्या सुरकुत्या दिसतायत का ते बघा, त्या दिसल्या की चेहरा आपोआप बरोबर असतो.

एलईडी दिव्यांचा एक त्रास. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर १/१०० पेक्षा वेगवान केलं की फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर पट्टे आणखी ठळक होतात. म्हणून माइक तपासतानाच चार फोटो काढून मोठे करून बघा. पट्टे दिसले तर १/१०० वर या आणि गायक स्थिर असेल तेव्हाच बटण दाबा. आवाज करणारं यांत्रिक शटर वापरावं लागलं तर पुढचा नियम पाळायचाच.

नियम असा: आलापात फोटो नाही. एकही नाही. विलंबितात समेवर, जेव्हा तबल्याचा ठोका आणि श्रोत्यांची दाद एकदम येते, तेव्हा एक. द्रुत सुरू झाली की मोकळे व्हा, तराण्यात तर कुणाचं लक्ष नसतं. यासाठी ताल मोजता यायला हवा असं नाही. तबलजी आणि गायक एकमेकांकडे बघून हसतात, त्याच्या अर्ध्या क्षणानंतर सम असते. ती नजर हाच फोटो. तीन तासांत माझे चाळीस फोटो होतात, त्यांतले चार बरे. बाकी वेळ गाणं ऐकतो. फुकट पास मिळाल्यावर न ऐकणं पाप आहे.

हार्मोनियमचा भाता, दोन रागांमध्ये तानपुरा लावणारी शिष्या, व्यासपीठाखाली काढून ठेवलेल्या चपला, हे आठवणीनं काढा. आणि एक माझ्या चुकीतून: वास्तूचेही फोटो काढा. शाहू महाराजांनी खासबागेशेजारी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी घरी येऊन हार्ड डिस्क उघडली. तिथं काढलेले शेकडो फोटो सापडले, सगळे नटांचे आणि गायकांचे. रिकामं प्रेक्षागृह, विंगेतून दिसणारा रंगमंच, पडद्याची दोरी ओढणारे हात, काही म्हणजे काही नाही. आता कुठल्याही सभागृहात गेलो की पहिले दहा फोटो भिंतींचे आणि खुर्च्यांचे.

रस्त्यावर

रस्त्यावर फोकस करत बसलं की माणूस निघून जातो. म्हणून फोकस आधीच लावून ठेवायचा. मध्यम सेन्सरचा कॅमेरा, १८ मिमी, एफ ८, फोकस हातानं २ मीटरवर: साधारण १ मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. ३५ मिमी असेल तर एफ ८ ला ३ मीटरवर लावा, सव्वादोन ते पावणेपाच मीटरमधलं नीट मिळेल. शटर १/२५०, आयएसओ ऑटो. २ मीटर म्हणजे किती हे पावलांत पाठ करा. मी वर्कशॉपच्या दारापासून लेथपर्यंतचं अंतर पाठ केलंय.

जागा निवडताना आधी पार्श्वभूमी, मग माणूस. पापाची तिकटी, गुजरी, भाऊसिंगजी रोडवरचे जुने लाकडी सज्जे, जिथं भिंत आणि उजेड आवडेल तिथं उभे राहा आणि माणूस येऊ द्या. माणसाच्या मागे धावणारा फोटोग्राफर चोरासारखा दिसतो, एका जागी उभा असलेला खुळ्यासारखा. खुळ्याला गावात कुणी काही म्हणत नाही.

कुठं विचारायचं आणि कुठं नाही? गर्दीचा, पाठमोरा, सावल्यांचा फोटो असेल तर विचारत नाही. एकाच माणसाचा चेहरा असेल तर फोटो काढून लगेच कॅमेरा खाली घेतो, हसतो, दाखवतो. नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसतो. लहान मुलं असतील तर आईबापांना आधी. पंचगंगा घाटावर पहाटे धुकं, देवळं, पाण्यातले दिवे सगळं सुंदर असतं, पण अंघोळ करणाऱ्या बायकांकडे लेन्स वळवणाऱ्यांना मी ओळख देत नाही.

तालमीत जायचं तर वस्तादांना भेटल्याशिवाय नाही. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, कुठलीही तालीम असो, चप्पल बाहेर आणि आखाड्याच्या मातीत पाय नाही. पहिल्या दिवशी कॅमेरा दाखवायचा, काढायचा नाही. पहाटे झरोक्यातून एकच तिरका झोत येतो आणि त्यात लाल मातीचा धुरळा तरंगतो. आत लेन्स बदलली की तो धुरळा थेट सेन्सरवर, त्यामुळे ठरवून एकच लेन्स न्या. डाव पडताना १/५०० लागतो. पण मला आवडतात ते जोर मारून झाल्यावर भिंतीला टेकलेले पैलवान, अंगावरची माती आणि भिंतीची माती एक झालेली. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलात तर हाच नियम, फक्त मातीऐवजी गुलाल. झूम लेन्सच्या नळकांड्यात गेलेला गुलाल दुरुस्तीवाल्यालाही पुरता निघत नाही. कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

रात्रीच्या सरावाला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी रांगेनं बांधलेल्या, समोरच धार काढून ग्लास हातात. डोक्यावर एकच दिवा. मी खाली उकिडवा बसतो, म्हणजे दिवा धारेच्या मागे येतो आणि धार काळ्या म्हशीच्या पोटासमोर चमकते. १/५०० ला धारेचे मणी दिसतात, एकामागे एक सुटलेले. १/३० ला तीच धार सुतासारखी सलग. दोन्ही काढा. एका रात्री मी सेटिंग बदलत बसलो तर गवळीदादा ग्लास पुढे करून म्हणाले, "पावणं, फोटू मागनं. आदी दूध प्या, फेस बसला की काय ऱ्हाईलं मग?" प्यालो. ओठावर फेस घेऊन काढलेले पुढचे दहा फोटो सगळे हललेले आहेत, पण त्यात ते माझ्याकडे बघून हसतायत. भिंतीवर तोच लावलाय.

घरी आल्यावर

त्याच रात्री कार्ड रिकामं करा, पण पुसू नका. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाली, आणि शक्यतो एक प्रत दुसऱ्याच घरी गेली, की मग पुसा. माझी एक डिस्क बहिणीकडे इचलकरंजीला असते. निवड मात्र त्या रात्री करू नये. काढण्याचा घाम अजून अंगावर असतो आणि प्रत्येक फोटो बरा वाटतो. आठवड्यानं उघडा, निम्मे आपोआप गळतात. उरलेल्या प्रत्येकाला तारीख, जागा आणि शक्य असेल तर माणसाचा धंदा, रागाचं नाव, चित्राचं माध्यम असं लिहून ठेवा. वही त्यासाठीच होती. दहा वर्षांनी 'डीएससी ४४१२' वरून काही आठवत नाही.

आणि प्रिंट काढा. ज्याचा फोटो काढला त्याला पोस्टकार्डाच्या आकाराची एक प्रत नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो त्यांच्याकडे शंभर गुड मॉर्निंगांखाली गाडला जातो. प्रिंट दुकानाच्या काचेला लागते, आणि दुसऱ्या खेपेला तुम्हाला परवानगी मागावी लागत नाही.

सुभाषनगरात चपला करणाऱ्या एका कारागिराचे फोटो मी गेल्या दिवाळीआधी काढले होते. मांडीवर चामडं, हातात आरी, खिडकीतून ऊन थेट वेणीवर. माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला फोटो. आठ बाय बाराची मोठी प्रिंट काढून, खाली पुठ्ठा लावून नेली. त्यांनी चष्मा वर ढकलला, फोटो खिडकीशी धरला, बराच वेळ बघितला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग अंगठ्याच्या पट्ट्याजवळ नख टेकवून म्हणाले, "हितं टाका चुकलाय. ह्यो फोटू कुणाला दावू नका. बेस्तरवारी या, चांगली जोडी करून ठेवतो, तिचा काढा."